नटीच्या घरातला कूलर

प्रसिद्ध माणसांच्या आत्मचरित्रांचे माझ्या घरी दोन ढीग आहेत. एक गुळगुळीत पुस्तकांचा. तो पुढच्या खोलीत असतो, कारण ती बहुतेक भेट म्हणून आलेली आहेत आणि धूळ पुसली की पाहुण्यांसमोर बरी दिसतात. त्यांतल्या प्रत्येकाचं बालपण खडतर असतं, गुरुजी देवमाणूस असतात आणि यशात सौभाग्यवतीचा सिंहाचा वाटा असतो. तो वाटा त्या बाईच्या ताटात नेमका कधी पडला, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. ही भाषा मला चांगली ठाऊक आहे. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होते, आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांची मानपत्रं माझ्याच बोटांखालून गेली. ज्या साहेबाचं शिपायापासून वरपर्यंत कोणाशीच पटलं नाही, त्यालाही मी 'अजातशत्रू' करून दिलेलं आहे.

दुसरा ढीग माझ्या उशाशी. त्यातली माणसं नीट बोलत नाहीत. एकच गोष्ट दोनदा सांगतात आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतात. एका क्रिकेटपटूनं लिहिलंय की संघातून काढल्याचं बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून तो कितीतरी दिवस सकाळी किट खांद्याला मारून घराबाहेर पडायचा, बागेत बसून डबा खायचा आणि संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून परत यायचा. एका गायकानं गुरुभावाला मिळालेल्या शालीवर पानभर मजकूर खर्च केलाय. स्वतःच्या पुरस्काराला दोन ओळी. असं वाचलं की मला त्या माणसाला चहा करून द्यावासा वाटतो. आपल्याला वाटत असतं, इतके घाबरट आणि इतके जळकुकडे आपणच. मग कळतं, ज्याच्या पोस्टरशेजारी उभं राहून लोक फोटो काढायचे, तोही बागेत एकटा बसून डबा खात होता. मोठ्या माणसाचं मोठेपण वाचून कोणाचं एकटेपण गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याचं रडगाणं वाचून जातं. तासभर तरी जातं.

आणि तो तास मला हवा असतो. माझा नवरा गेला त्याला तीन-चार वर्षं होतील. मुलगा बंगलोरला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, तो 'कशी आहेस?' विचारतो, मी 'मजेत' म्हणते, आणि आम्ही दोघंही सुटतो. आमच्या माहेरी या प्रश्नाला दुसरं उत्तर कोणी शिकवलेलंच नव्हतं. अंजनगावकडे आमचा पानमळा होता. वेल वाळो, विहीर आटो, माय सगळ्यांना 'बरं हाये' म्हणायची. त्यात मला तक्रार करायला तोंड तरी कुठं आहे? पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, गुडघे अजून ऐकतात. शेजारीण म्हणते, तुमचं बाई बरं आहे, ना कोणाचं करायचं ना कोणाचं ऐकायचं. मी हसते. मला करमत नाही, एवढंच मला कोणाला तरी सांगायचं होतं. एकाला तरी. पण बोलायला गेलं की तोंडातून 'मजेत'च निघायचं.

सांगण्यासारखं एक माणूस होतं, अकोल्याला. माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. पानमळ्यात आम्ही दोघी ओल्या गोणपाटावर बसून पानं निवडायचो. तिचे हात चपळ, माझ्या हातानं पानं फाटायची. शेवटी मायनं फर्मान काढलं, "तू पानाले हात नको लावू. तू वाचून दाखव." गावात एका घरी सिनेमाचं साप्ताहिक यायचं, ते शिळं होऊन आमच्याकडे यायचं. मी नट्यांच्या मुलाखती वाचायची आणि बाई पानं लावता लावता त्यांची चौकशी करायची, जशी काही शेजारच्या वाड्यातली सून. शाळेत ती फारशी गेली नाही, पण कोणत्या नटीचं कोणाशी बिनसलं हे तिला पाठ असायचं.

आता साखरेनं तिचे डोळे नेले. मुलानं मुंबईला नेऊन महिनाभर इंजेक्शनं दिली. त्याचा उपयोग झाला नाही, मुंबईबद्दलच्या तक्रारी मात्र ती पोतंभर घेऊन आली. आता तिला उजेड कळतो आणि सावली कळते. घर भरलेलं आहे: मुलगा, सून, दोन नाती, आणि नातींच्या मैत्रिणींची वर्दळ. त्या मानानं मी म्हणजे मोकळ्या वावरातलं बुजगावणं. तेव्हा दोन धड डोळे असलेल्या मी तिच्यापुढे रडायचं, हेही मला पटेना.

गेल्या हिवाळ्यात राजकमल चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला एक कव्हर नसलेलं पुस्तक मिळालं. एका जुन्या नटीचं. एकेकाळची नायिका, पुढे पडद्यावरची आई, आणि मग काहीच नाही. बहुतेक ती बोलली असावी आणि कोणी तरी जसंच्या तसं उतरवलं असावं, कारण मध्येच 'थांबा, दूध उतू गेलं' असंही छापलेलं आहे. मी दोन पानं वाचली आणि बाईला फोन लावला. म्हटलं, आयक. तिनं ऐकलं, आणि मग रोज दुपारी जेवणं आटोपली की मी वाचायची आणि ती अकोल्याला खाटेवर पडून कानाला फोन लावून ऐकायची.

तिला ही नटी फार आवडली. दुसऱ्या एका नायिकेनं हिची निळी साडी शूटिंगला म्हणून नेली आणि परतच केली नाही, हे पुस्तकात तीन ठिकाणी येतं. प्रत्येक वेळी बाई तेवढ्याच रागानं म्हणायची, "वापस केली काय मंग तिनं साडी?"

"नाई केली."

"पाय बरं. एवढी पैसेवाली, आन साडी दाबून ठेवते."

माझा दिवस आता त्या दुपारच्या फोनभोवती फिरायला लागला होता. सकाळीच मी पुढची पानं वाचून ठेवायची, म्हणजे अडखळायला नको. असंच वाचताना एकदा कळलं की मधलं एक पान फाटलेलं आहे. नटीचा नवरा वारला, तिथंच. प्रेत नेतात आणि पुढच्या पानावर ती एकदम दिल्लीला कोणत्या तरी सत्काराला निघालेली. बाईला हे असं अर्धवट कसं वाचून दाखवायचं? ती प्रश्न विचारणार. म्हणून मी मधलं पान मनानंच भरलं. फोनवर नेहमीच्या वाचायच्या आवाजात म्हटलं: 'ते गेल्यावर मी ताट वाढून घेणंच सोडलं. ओट्यापाशी उभी राहूनच जेवते. बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसते.'

मग बाई म्हणाली, "पुन्हा वाच बरं थे."

मी पुन्हा वाचलं. म्हणजे, पुन्हा बोलले. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी कितीतरी दिवसांनी गरम भात करून खाल्ला. माझीच गोष्ट मी कोणाला तरी सांगितली होती. ती दुसरीच्या नावावर खपली होती, एवढंच.

मग मला चटकच लागली. नटी थोडी पुढं जायची आणि तिच्या तोंडून मी थोडी बोलायची. नटी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलीच्या 'नमस्कार'ला उलट नमस्कार करायला लागली. नटीनं पाव किलो दोडके मागितले, तर भाजीवाली म्हणाली, एवढ्यात काय होते वो? नटी बँकेत पासबुक भरून घ्यायला चांगली साडी नेसून गेली, कारण त्या आठवड्यात दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. टायपिस्टच्या नोकरीत मी साहेबांच्या मजकुरात कधी स्वतःचा स्वल्पविराम घातला नव्हता. तो सगळा अनुशेष मी या नटीच्या पुस्तकात भरून काढला. आणि गंमत म्हणजे खऱ्या पुस्तकात आणि माझ्या भरतीत सांधा दिसत नव्हता. गुळगुळीत पुस्तकात मला हे जमलं नसतं. तिथं सिंहाच्या वाट्याशेजारी पाव किलो दोडके ठेवायला जागा नसते.

एप्रिलच्या उन्हात माझा घात झाला. आमच्याकडे त्या दिवसांत कूलरशिवाय दुपार निघत नाही, आणि कूलर भरणं हे एकट्याचं काम नाही हे वऱ्हाडातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. एकानं बाहेर नळापाशी थांबायचं, दुसऱ्यानं खिडकीपाशी टाकीवर नजर ठेवायची, आणि भरली की आतून ओरडायचं, 'बस! बंद कर!' आमच्या घरी नळापाशी मी आणि टाकीपाशी ते. त्यांना ओरडायची एवढी घाई की टाकी कधी काठोकाठ भरली नाही, आणि त्यावरून आमचं दर उन्हाळ्यात वाजायचं. आता मी नळ सोडते, धावत आत येते, पुन्हा धावत बाहेर जाते. एक तर टाकी अर्धी राहते नाही तर भिंत भिजते. त्या दुपारी भिंतच भिजली होती. पाय पुसून मी फोन लावला, पुस्तक उघडलं आणि नटी बोलायला लागली: 'कूलरमध्ये पाणी सोडते तेव्हा मी अजून वाट पाहते. आतून कोणी तरी बस म्हणेल. कोणी म्हणत नाही. पाणी वाहून जातं. मग मी नळ बंद करते आणि तिथंच उभी राहते.'

बोलताना माझा आवाज फाटला. मी खोकल्यासारखं केलं.

एरवी बाई एवढ्यावर दहा प्रश्न विचारायची. "आज एवढंच राहू दे," म्हणाली. मग म्हणाली, "तू एकदा अकोल्याले ये. पुस्तक घेऊनच ये."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नटीचं घर मुंबईत, चौथ्या मजल्यावर, खिडकीत समुद्र. पुस्तकात पानोपानी तो समुद्र आहे. त्या दमट हवेत कूलर लावून करणार काय? वऱ्हाडाबाहेरची माणसं उन्हाळ्यात जगतात कशी, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. आणि बाई तर मुंबईत महिनाभर घाम गाळून आलेली.

जाऊ नये असं फार वाटलं. गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं. पण गेले नाही तर दुपारचा फोनही बंद पडेल, ही भीती जास्त मोठी होती. मी सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी पिशवीतल्या पुस्तकाला हात लावला नाही.

घरी सगळ्यांनी छान आगतस्वागत केलं. सुनेनं आंब्याचा रस केला होता. नातींनी पाया पडून घेतलं आणि परत फोनमध्ये डोकं घातलं. बाई बारीक झाली होती. ती जेवताना ताटातल्या वाट्या बोटानं चाचपून बघत होती, आणि सून तिला न विचारताच वाढत होती. जेवणं झाल्यावर सगळे एसीच्या खोलीत जाऊन आडवे झाले. बाईला एसी सोसत नाही, म्हणून पुढच्या खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

"काढ पुस्तक," बाई म्हणाली. "तो कूलरवाला भाग वाच."

मी पुस्तक उघडलं. पानं उलटली. तिला दिसत नव्हतं, तरी मी शोधल्याचं सोंग नीट करत होते. सुरुवात केली, 'कूलरमध्ये पाणी सोडते तेव्हा...' आणि पुढचं जुळेना. समोर पानावर निळ्या साडीचं भांडण होतं.

"सापडून नाई राह्यलं काय?"

"चष्मा..." मी म्हटलं.

"मुंबईले कूलर नसते वं," बाई हळू आवाजात म्हणाली. "मी महिनाभर राह्यली तिथं. घामानं जीव गेला माया, पन एका घरी कूलर नाई दिसला."

मला आधी हसूच आलं. मग हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेना. आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला. बाईनं हात पुढं केला, तो माझ्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच राहिला. मी म्हटलं, "मले करमत नाई, बाई. मले घरात एकटीले अजिबात करमत नाई."

झालं. एवढंच होतं ते. इतके महिने ज्याच्यासाठी मी एका भल्या नटीच्या पुस्तकाची वाट लावली, ते सांगायला अर्धा श्वास पुरला.

"मले ठाऊक हाये," बाई म्हणाली.

"कूलरवरून समजलं?"

"कूलर तं आता झाला. थे उभं राहून जेवनं आयकलं, तवाच समजलं होतं. हिरोइनीच्या घरी सैपाकाले बाया असतात. थे कायले ओट्यापाशी उभी राहीन?"

मी डोळे पुसले. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, "मंग बोलली काहून नाई? एवढे दिवस मले नाटक करू देल्लं तू?"

बाई म्हणाली, "बोलली असती तं तू लाजली असती. वाचनं बंद केलं असतं. मंग दुपारी मले कोनाचा फोन येनार होता?"

"तुयं तं घर भरेल हाये ना, बाई."

"हाये ना भरेल. चा घेतला काय, गोयी घेतली काय, बाथरूमले जाचं हाये काय. सारी चांगली हायेत, मी नाव नाई ठेवत कोनाले. पन याच्यापुढं मले कोनी काई इचारत नाई."

गेले कित्येक महिने मी रोज तिच्या कानात बोलत होते. नटीचं बोलले, नटीच्या आडून माझं बोलले. आता मीही आल्या आल्या सगळ्यांसारखंच 'तब्येत कशी आहे' म्हटलं होतं, आणि तिनं 'बरी हाये' म्हटलं होतं. मी पुस्तक मिटून खाटेवर ठेवलं.

"बाई," मी विचारलं, "तुले आता दिसते काय काय?"

तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग तिनं चेहरा माझ्याकडे वळवला, पण थोडा बाजूला, जिथं मी नव्हते तिथं.

"खिडकी दिसते," ती म्हणाली. "पांढरी. तिच्यासमोरून कोनी गेलं का कायी सावली होते. मानसाचं तोंड नाई दिसत. नातींचे आवाज ओयखू येतात, पन त्या आता कशा दिसतात, मले माहीत नाई. मोठीले नाकात चमकी घातली म्हनतात. तुयं तोंड मले माये डोये होते तवाचं आठोते. त्याच्यानंतर तू म्हातारी झाली असशीन."

"झाली," मी म्हटलं.

"सकायी उठल्याबरोबर मले पह्यले खिडकी पाह्याची असते. दिसली का वाटते, चाला, आजचा दिवस हाये. एखाद्या दिसी थे बी नाई दिसन. त्याचं लय भेव वाटते मले. पोराले सांगितलं तं तो म्हनते, आई, तसा विचारच नको करू. आता इचार येते तं मी त्याले काय करू?"

मी तिचा हात धरून बसले. ती बोलत होती. अंधारात बाथरूमची भिंत कुठून सुरू होते ते, सून समोर उभी राहून गप्प राहते तेव्हा ती आहे की गेली हे न कळल्यानं होणारी फजिती, माझ्या नटीचं ऐकताना तिला दिसणारे रंग. कशाचा कशाला मेळ नव्हता, एक गोष्ट अर्धी सोडून ती दुसरी धरत होती.

आतल्या खोलीत जाग झाली. सून पडदा सारून दारात आली. "आई, चहा आणू का? दुपारची गोळी घेतली?"

बाईनं तिकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. हात तेवढा वर केला.

"थांब वं जरा," ती म्हणाली. "मी बोलून राह्यली ना."